लाल दऱ्यांच्या मुलखात सहकुटुंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अमेरिकेत फिनिक्सला राहतो, त्यामुळे मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "आई-बाबा मेमध्ये येताहेत, ग्रँड कॅन्यन दाखवायचंय, कसं करू?" ही फेरी आम्ही तीनदा केली. एकदा दोघंच, एकदा मुलांना घेऊन, आणि एकदा सासू-सासरे, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि आम्ही असे सहा जण एका गाडीत. खालची उत्तरं बहुतेक तिसऱ्या फेरीतली आहेत. चुका तिथंच जास्त झाल्या.

फेरी नेमकी कशी आखायची?

लास वेगासला उतरा, गाडी घ्या आणि गोल फिरून तिथंच परत या. वेगास, झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, पेज हे गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा म्हणजे साउथ रिम, आणि पुन्हा वेगास. नेवाडा, युटा आणि ॲरिझोना अशी तीन राज्यं होतात. जवळपास हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर. सगळ्यात लांबचा पल्ला शेवटचा, ग्रँड कॅन्यन ते वेगास, साडेचार तासांचा. बाकीचे दोन ते साडेतीन तासांचे आहेत. मोआबजवळचं आर्चेस राष्ट्रीय उद्यान सुंदरच आहे, पण त्यासाठी आणखी दोन दिवस हवेत. मोठी माणसं सोबत असतील तर मी ते सोडून देईन.

चार दिवसांत होईल का?

गाडीतून होईल, बघून होणार नाही. आठ रात्री असतील तर उत्तम: झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेलला दोन, ब्राइसला एक, पेजला दोन, मॉन्युमेंट व्हॅलीला एक, ग्रँड कॅन्यनला दोन. चारच दिवस असतील तर वेगासहून झायन आणि ब्राइस करून परत या. ग्रँड कॅन्यन पुढच्या वेळी. तो कुठं जात नाही.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जून ते ऑगस्टमध्ये वेगासला पारा चाळिशीच्या वर जातो. पण मेमध्येही स्वेटर लागतात, हे कुणी सांगत नाही. ब्राइसचा कडा २४०० ते २७०० मीटरवर आहे आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे २१०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे 'वाळवंटात चाललोय' म्हणून नुसत्या सुती कपड्यांत आलेला माणूस कळसूबाईच्या डोक्यावरून साडेचारशे ते हजार मीटर वर, वाऱ्यात उभा असतो. आमच्या बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ब्राइसला मे महिन्यात कानटोपी घातली. वेगासला त्याच कानटोपीवरून मुलं त्यांना हसली होती.

बीपी किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी या उंचीबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं.

सहा माणसांना कुठली गाडी घ्यावी?

मिनीव्हॅन. सगळ्यांना मोठी एसयूव्ही हवी असते, फोटोत बरी दिसते म्हणून. पण गुडघेदुखीच्या माणसाला दिवसातून पंधरा वेळा चढ-उतार करायची असते. मिनीव्हॅनची पायरी खाली असते, दार सरकतं आणि मागच्या सीटवर जाता येतं. सगळे मुख्य रस्ते डांबरी आहेत, फोर-व्हील ड्राइव्हचं काही काम पडत नाही. अपवाद एकच, मॉन्युमेंट व्हॅलीच्या आतला १७ मैलांचा कच्चा रस्ता. तिथं नाव्हाहो, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांपैकी, गाइडची जीप घ्या. भाड्याच्या बहुतेक गाड्या कच्च्या रस्त्यावर नेलेल्या करारात चालत नाहीत, ती बारीक अक्षरं एकदा वाचा. युटात आठ वर्षांखालच्या मुलाला कारसीट किंवा बूस्टर लागतो.

आम्ही सिंहगड नेहमी चढतो. ग्रँड कॅन्यनमध्ये खाली नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येऊ का?

नाही. हा प्रश्न पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सह्याद्रीत आपल्या अंगात एक हिशेब मुरलेला असतो. आधी चढायचं, दमलो की खडकावर बसायचं, फारच झालं तर मागं फिरायचं. मागं फिरणं म्हणजे उतार, म्हणजे सोपं. कॅन्यन हा उलटा गड आहे. सकाळी ताजे असताना, गार हवेत, उतार लागतो. पाय आपोआप पडतात, गप्पा रंगतात, दीड तास कसा गेला कळत नाही. दमल्याचं जिथं लक्षात येतं तिथून पुढं सगळा चढ उरलेला असतो, आणि तोही भर दुपारी. शिवाय खाली जावं तसं तापमान वाढतं. कड्यावर बरं वाटणारं ऊन तळाशी भाजून काढतं. उन्हाळ्यात तळाशी चाळीसच्या वर जाणं नेहमीचं आहे.

ब्राइट एंजल या नेहमीच्या वाटेने नदीपर्यंतचा उतार सुमारे १३०० मीटरचा. पायथ्यापासून मोजलेले दोन सिंहगड एकावर एक ठेवा, तेवढा. उद्यानाचे रेंजर जागोजागी पाट्या लावून बजावतात की नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचा प्रयत्न करू नका, आणि तरी दरवर्षी लोकांना वर आणावं लागतं.

मुलांना 'आत उतरलो' म्हणायला मिळावं एवढंच हवं असेल तर सकाळी सातला निघा, अर्धा तास उतरा, आणि घड्याळ बघून परत फिरा. अर्ध्या तासाच्या उताराला वर यायला तास धरा. पाणी माणशी दोन लिटर, आणि नुसतं पाणी नको, खारे शेंगदाणे किंवा चिवडाही ठेवा. घामातून मीठ जातं आणि कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतही नाही.

अँटिलोप कॅन्यनला गाइडशिवाय जाता येतं का? आकाश निरभ्र असताना टूर रद्द का करतात?

गाइडशिवाय नाहीच. पेजजवळची ही घळ नाव्हाहो लोकांच्या जमिनीवर आहे आणि त्यांच्या गाइडबरोबरच आत सोडतात. महिना-दोन महिने आधी आरक्षण करा. वरची म्हणजे अपर आणि खालची म्हणजे लोअर असे दोन भाग आहेत. अपर आतून सपाट आहे, परतीच्या वाटेवर मात्र लोखंडी पायऱ्या आहेत. लोअरमध्ये उभे, अरुंद जिने उतरावे लागतात. आईंना आम्ही अपरला नेलं. उन्हाळ्यात भर दुपारी छतातून प्रकाशाचे झोत पडतात ते अपरमध्येच, म्हणून त्या वेळचं तिकीट महाग.

ज्यांनी भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांदण दरी पाहिलीय त्यांना ही जागा लगेच कळेल. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर आकाशाची पट्टी. फरक दगडाचा. सांदण काळ्या कातळाची आहे, तर ही घळ वालुकाश्माची. भिंतीवर हात न लावता जवळून बघा: तिरक्या, बारीक रेघा दिसतील, कणीदार, जणू कुणी कंगवा फिरवलाय. डायनोसॉरच्या काळात इथं वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या होत्या. त्या टेकड्यांचे उतार तसेच्या तसे दगड झालेत. झायनच्या भिंतीही याच दगडाच्या.

आता पाऊस. पावसाळ्यात सांदणमध्ये कुणी उतरत नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही, कारण पाऊस डोक्यावर पडत असतो. इथं पाऊस दूर कुठं तरी पडतो आणि उघडा खडक पाणी धरून ठेवत नाही. ते सगळं घळीत येतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये असाच लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. घळीजवळ म्हणावा असा पाऊसच नव्हता, वादळ काही मैल वरच्या अंगाला कोसळलं होतं. म्हणून गाइड 'आज नाही' म्हणाले की वाद घालू नका. जुलै ते सप्टेंबरच्या या पावसाला इथले लोकही 'मान्सून'च म्हणतात. आपला शब्द ऐकून बरं वाटतं, पण हा मान्सून दुपारी दोनला येतो आणि तासाभरात जातो. झायनमध्ये नदीतून चालायची 'नॅरोज'ची वाट असते, तिथंही हेच. रोज सकाळी पुराच्या धोक्याचा अंदाज जाहीर होतो, तो बघूनच पाण्यात पाय घाला.

माझा मोबाइल पेजला दर अर्ध्या तासाने वेळ बदलत होता. बिघडलाय का?

नाही, मोबाइल ठीक आहे. मार्च ते नोव्हेंबर युटाची घड्याळं एक तास पुढे असतात. ॲरिझोना १९६८ पासून घड्याळं बदलत नाही. पण ॲरिझोनातल्या नाव्हाहो भूमीवर बदलतात, कारण त्यांचा मुलूख तीन राज्यांत पसरलाय आणि घरातल्या घरात दोन वेळा कोण ठेवणार? त्या मुलखाच्या पोटात हॉपी लोकांची भूमी आहे. ते पुन्हा बदलत नाहीत. पेज ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं, पण युटाची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मोबाइल कधी या टॉवरचं ऐकतो कधी त्या.

आम्ही यात कसे अडकलो ते सांगते. मॉन्युमेंट व्हॅलीची जीप चारची होती. पेजहून दीडला निघालो. दोन तासांचा रस्ता, अर्धा तास हाताशी, या हिशेबाने साडेतीनला रुबाबात पोचलो. तिथं वाजले होते साडेचार. जीप गेलेली. काउंटरवरच्या नाव्हाहो बाईंना हे रोजचंच असावं, त्यांनी एका शब्दाने न बोलता आम्हाला शेवटच्या फेरीत बसवलं. बाबांचं मनगटी घड्याळ तेव्हाही पुण्याच्या वेळेवर होतं. "माझ्या घड्याळाला काही झालं नाही," एवढंच ते म्हणाले.

तेव्हा प्रत्येक आरक्षणापुढं 'कुणाची वेळ' ते हाताने लिहून ठेवा. कनॅबहून, म्हणजे युटाकडून, पेजला येत असाल तर उलट एक तास हातात येतो.

नॅशनल पार्कचा पास सगळीकडे चालतो का?

झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन इथं चालतो. अँटिलोप आणि मॉन्युमेंट व्हॅली नाव्हाहो लोकांची आहेत, तिथं वेगळं तिकीट. पेजजवळच्या हॉर्सशू बेंडला, म्हणजे नदीच्या नालेसारख्या वळणाला, पार्किंगचे पैसे वेगळे, ते शहर घेतं.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी २०२६ पासून नियम बदललाय. अमेरिकेत न राहणाऱ्यांना वार्षिक पास २५० डॉलरचा आहे आणि रहिवाशांना ८० डॉलरचा. या तिन्ही उद्यानांसह एकूण ११ उद्यानांत, पास नसेल तर १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेशशुल्कावर आणखी १०० डॉलर पडतात. निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या पानावर शुल्क एकदा पाहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांचा स्वस्त पास नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना नाही.

नाव्हाहो भूमीत वागताना काही पाळायचं असतं का?

हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात. १८६४ साली अमेरिकी सैन्याने त्यांना शेकडो मैल चालवत पूर्वेला नेऊन डांबलं होतं. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या जमिनीवर परतले. तेव्हा आपण कुणाच्या तरी घरात आलोय हे लक्षात असू द्या. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ड्रोन नाही. दारूविक्रीला बंदी आहे. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चांदी आणि फिरोज्याचे दागिने मिळतात. घासाघीस करायची सवय असेल तर ती गाडीत ठेवा.

गुडघे दुखणाऱ्यांना काय बघता येईल?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर सपाट डांबरी पायवाट आहे, जागोजागी बाकडी आहेत आणि फुकट बस फिरते. झायनमध्ये वर्षातला बहुतेक काळ आतल्या दरीत खासगी गाडी नेता येत नाही, बसनेच जायचं, आणि ते मोठ्या माणसांना बरंच पडतं. शेवटच्या थांब्यावरची रिव्हरसाइड वॉक नदीकाठाने जाते, सोपी आहे. हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन दीड मैल, सावली जवळजवळ नाही. सकाळी लवकर जा. तिथं कठडा थोड्याच भागाला आहे आणि खाली ३०० मीटरवर नदी. मुलांचा हात सोडू नका. खरं सांगायचं तर मला तिथं दरीपेक्षा सेल्फीवाल्यांचीच जास्त भीती वाटली.

झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्याचं नावही काढू नका. साखळ्या धरून जायचं असतं आणि २०२२ पासून परवाना लागतो.

ब्राइसला सनराइज आणि सनसेट पॉइंटमधला अर्धा मैल डांबरी आहे, तो आईंनी सहज केला. हे नावाला कॅन्यन. नदीने कोरलेली दरी नाहीच ती, बर्फाने फोडलेला कडा आहे. वर्षातल्या निम्म्याच्या आसपास रात्री पाणी फटीत गोठतं, दिवसा वितळतं, आणि दगड सुटत जातो. मागं उरतात ते सुळके, हजारोंनी, भगवे-गुलाबी. आई कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वारी थांबलीय गं." इथले मूळचे पाइयूट लोक सांगतात की हे सुळके म्हणजे दगड झालेली माणसं. हे मी त्यांना नंतर, गाडीत सांगितलं. "मग मी काय वेगळं म्हटलं?" हे त्यावर त्यांचं उत्तर.

ग्रँड कॅन्यनमध्ये विष्णूचं देऊळ आहे हे खरं का?

देऊळ नाही, डोंगर आहे. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने इथल्या शिखरांना पौर्वात्य देवादिकांची नावं द्यायची प्रथा पाडली. त्यामुळे नकाशावर विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, शिवाय बुद्ध, मनू आणि कृष्णही सापडतात. विष्णू टेंपल २३०० मीटरच्या आसपास उंच, दक्षिण कड्याच्या पूर्वेकडच्या थांब्यांवरून छान दिसतो. बाबांनी चप्पल काढून नमस्कार केला. शेजारच्या जर्मन बाईंनी फोटो काढला, त्यांना काय वाटलं कोण जाणे.

तळाच्या काळसर खडकालाही विष्णूचंच नाव आहे, 'विष्णू शिस्ट', वय सुमारे १७५ कोटी वर्षं. आणि जिथं आपण उभे असतो तो सगळ्यात वरचा थर २७ कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे इथला सर्वात कोवळा दगडसुद्धा रायगडाच्या दगडाचा खापरपणजोबा लागतो.

काचेचा पूल कुठे आहे?

तो इथं नाही. स्कायवॉक ग्रँड कॅन्यन वेस्टला, वालापाई लोकांच्या जमिनीवर आहे, २००७ साली सुरू झाला. साउथ रिमपासून गाडीने चार तास तरी लागतात. वेगासहून वेगळा दिवस काढावा लागेल. मी काढणार नाही.

शाकाहारी जेवणाचं काय? सासूबाई बाहेरचं फारसं खात नाहीत.

वेगास सोडायच्या आधी भारतीय दुकानात जा. पोळ्या, दही, लोणचं, फरसाण, आणि बर्फाचा एक मोठा डबा. आईंनी घरून दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती ब्राइसपर्यंत पुरली. मॉन्युमेंट व्हॅलीच्या बाकावर, समोर ते लाल बुरूज आणि हातात दशमीचा तुकडा, हे जेवण मला सगळ्यात लक्षात आहे.

विजेच्या छोट्या कुकरात खिचडी होते, पण खोलीत शिजवायला परवानगी आहे का ते आधी विचारा. मी विचारलं नाही. पेजला रात्री नऊला लसणाची फोडणी दिली आणि धुराची घंटा वाजली. अख्खा मजला रात्रीच्या कपड्यांत बाहेर. पाच मिनिटांत बंद झाली, पण त्या पाच मिनिटांत मी दोन-तीन वर्षांनी म्हातारी झाले. आता फोडणी घरून बाटलीत भरून नेते, वरून घालते.

नाव्हाहो फ्राय ब्रेड मुलांना फार आवडतो, भटुऱ्याचा जाड भाऊ म्हणा. कशात तळलाय ते विचारून घ्या, काही ठिकाणी चरबी वापरतात.

मुलं कंटाळतात का?

गाडीत हो, उतरल्यावर नाही. प्रत्येक उद्यानात ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. मुलं ती भरतात, रेंजर तपासतो, हात वर करून शपथ घ्यायला लावतो आणि बिल्ला देतो. आमच्या मुलाने झायनच्या बिल्ल्यासाठी जेवढा अभ्यास केला तेवढा शाळेसाठी कधी केला नाही. झायनमधून पूर्वेला जाताना १९३० सालचा सव्वा मैलाला थोडा कमी असा बोगदा लागतो, त्याला कड्यात उघडणाऱ्या खिडक्या आहेत. मोजायला लावा. खंडाळ्यासारखी आरोळी ठोकलीत तरी चालेल, थांबू मात्र देत नाहीत.

पेट्रोल, नेटवर्क, रात्रीचा प्रवास?

टाकी अर्ध्यावर आली की भरा. कनॅब, पेज, कायेंटा, ट्यूबा सिटी, कॅमरन इथं पंप आहेत, मध्ये बराच वेळ काही नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, हरणं आणि एल्क रस्त्यावर येतात, आणि नाव्हाहो भागात मोकळी गाईगुरंही.

स्वच्छतागृहं?

स्वच्छ, पण काही ठिकाणी पाणी नसतं. बाटली सोबत ठेवा. आईंसाठी हा या सहलीचा सर्वात मोठा प्रश्न होता.

आकाशगंगा खरंच दिसते?

दिसते, डोळ्यांनी, ब्राइसला तर अगदी. कालनिर्णयात अमावास्या बघून ब्राइसची रात्र ठरवा, बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा. कानटोपी घाला.

गाडी परत देताना काही?

लाल धूळ सगळीकडे शिरलेली असते. फार मळलेली गाडी दिली तर साफसफाईचे पैसे लावतात, म्हणून वेगासच्या अलीकडच्या पंपावर नाणी टाकून व्हॅक्यूम करून घ्या. आमच्या मागच्या सीटखालून निघालं ते असं: चकलीचे तुकडे, एक ज्युनियर रेंजर पेन्सिल, दोन मोजे (जोडी नव्हे), आणि बाबांची कवळीची डबी, जी आम्ही पेजपासून शोधत होतो.